स्मिताच्या नऊ साड्या

मेधा गोगटेला गोधड्यांचं खूळ होतं. छंद हा शब्द तिच्या नवऱ्याला, विश्वासला, फारच सौम्य वाटायचा. स्वतःच्याच घरात सोफ्यावर बसण्याआधी तो हात फिरवून बघायचा, कारण कुठून सुई निघेल याचा नेम नसे. मुलगा अमेय शिकायला मेलबर्नला गेला, तेव्हा त्याला विमानतळावर सोडून आल्या आल्या डोळे पुसत पुसत तिनं त्याच्या खोलीत कापड कापायचं टेबल मांडलं होतं. परदेशातल्या, सेंगकांग उपनगरातल्या त्यांच्या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये कोणी नवी साडी नेसून आलं, की मेधा तोंडभर कौतुक करायची, पण साडी जुनी व्हायला अजून किती वर्षं लागतील याचा ती मनात अंदाज घेतेय, असं समोरच्या बाईला वाटत राहायचं. ते खरंही होतं.

तिचं दुसरं खूळ स्वच्छतेचं. बाजारातून आणलेली केळीसुद्धा ती धुऊन टोपलीत ठेवायची. ही दोन खुळं एकमेकांच्या फार सोयीची होती. कम्युनिटी क्लबातल्या गोधड्यांच्या वर्गात म्हाताऱ्या चिनी शिक्षिकेनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की कापड धुतल्याशिवाय त्याला कात्री लावायची नाही. न धुतलेलं कापड मागाहून आटतं, रंग सोडतं आणि महिन्याची मेहनत एका धुण्यात मातीत जाते. मेधाची आई निराळ्या कारणासाठी तेच सांगायची. गेलेल्या माणसाचं कापड धुऊन मगच वापरायला काढावं, असं तिचं म्हणणं. शिक्षिका आणि आई या दोघींचं एकमत झाल्यावर तिसऱ्या कोणाला विचारायची मेधाला गरज उरली नव्हती.

दर जूनमध्ये शाळांना सुट्टी लागली की ऑफिसातल्या आईबापांच्या जोडीनं मेधाही एक आठवडा रजा टाकायची. घरात शाळेचं मूल नसताना सुट्टी कसली घेतेस, म्हणून शिपिंग कंपनीतल्या मैत्रिणी तिला हसायच्या. तिचा आठवडा मात्र त्यांच्यापेक्षा गच्च भरलेला असे. २०१३ च्या जूनमध्येही फ्रिजवर यादी लागली होती: अर्धवट राहिलेली निळी गोधडी, मंगळवारी मैत्रिणीच्या चैत्रालीला घेऊन उबीन बेट, बुधवारी क्लबातला वर्ग, शुक्रवारी लिटिल इंडियातल्या भारतीय बाजारात दोरे आणि अस्तर. शनिवारी सकाळी दारावरची बेल वाजली आणि त्या यादीचं महत्त्व संपलं.

दारात रवींद्र उभा होता, हातात एक निळी सुटकेस. रवींद्र म्हणजे स्मिताचा नवरा. स्मिता समोरच्या ब्लॉकमध्ये राहायची आणि मेधाची सोळा वर्षांची मैत्रीण होती. दिवाळीत पोट दुखतंय म्हणाली आणि मार्चमध्ये गेली. तिची मुलगी चैत्राली तेरा वर्षांची. आता पुढच्या रविवारच्या संध्याकाळच्या विमानानं बापलेक कायमचे पुण्याला निघाले होते. तिथे रवींद्रची आई होती. मुलीला घरात कोणी बाईमाणूस हवं, असं सगळ्यांनी ठरवलं होतं. चैत्रालीला काय हवं, ते कोणालाच कळत नव्हतं, कारण ती सांगतच नव्हती.

रवींद्रनं पाणीसुद्धा घेतलं नाही. सुटकेसवर हात ठेवून तो म्हणाला, "मेधावहिनी, चैत्राली अजून रडलेली नाही. एकदाही नाही. आईचं नावसुद्धा काढत नाही. स्मिताच्या रोजच्या सुती साड्या आहेत यात, नऊ. तुम्ही यातून तिच्यासाठी एक गोधडी करून द्याल का? निदान ती अंगावर घेऊन तरी रडेल."

देईन म्हणायला मेधाला क्षणही लागला नाही. सोळा वर्षांत स्मितासाठी करायचं असं शेवटचं हे एकच काम उरलं होतं.

रवींद्र गेल्यावर तिनं टेप सोडवून सुटकेस उघडली, आणि मागे सरली. स्मिताच समोर आली होती. स्मिता कपाटात साड्यांच्या घड्यांमध्ये वाळ्याच्या जुड्या ठेवायची, केसांना माक्याचं तेल लावायची, आणि त्या दोहोंच्या खाली तिचा स्वतःचा असा काहीतरी उबदार, किंचित आंबूस वास होता, तापल्या तव्याजवळ उभ्या असलेल्या माणसाचा असतो तसा. मेधा गुडघ्यांवर बसून राहिली. स्मशानातही ती रडली नव्हती. सगळ्यांचा चहा बघत होती. आताही तिनं तेच केलं. उठली, नऊच्या नऊ साड्या मशीनमध्ये टाकल्या, दार बंद केलं आणि बटण दाबलं. नियम होता म्हणून टाकल्या, असं तिनं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे तो वास तिला सोसवला नाही.

दुसऱ्या दिवशीपर्यंत स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर कपडे वाळवायच्या बांबूंवर स्मिताच्या साड्या फडफडत होत्या. नारायणपेठ, इरकल, दोन कोटा, मेधानंच तिला घेऊन दिलेली एक मोरपंखी. सोमवारी उजाडलं तेच धुरकट. सुमात्रातली जंगलं पेटली होती आणि तिकडचा धूर वाऱ्यानं समुद्र ओलांडून इकडे आला होता. असा धूर, इथल्या भाषेत हेज, दरवर्षीच यायचा, पण हा निराळा होता. समोरचे ब्लॉक पुसट झाले, लोक नाकावर रुमाल धरून एमआरटी स्टेशनाकडे चालू लागले. साड्यांना जळक्या पाल्याचा वास लागला. मेधानं चिडून त्या पुन्हा धुतल्या, या खेपेला दुप्पट साबण आणि वरून फुलांच्या वासाचं सॉफ्टनर घालून. खिडक्या लावून पंख्याखाली वाळवल्या, इस्त्री केली आणि त्याच दुपारी कात्री लावली. काम झकास चाललं होतं. मोरपंखी अस्तरासाठी ठेवून बाकीच्या आठ साड्यांचे तुकडे संध्याकाळपर्यंत रंगांप्रमाणे टेबलावर लागलेसुद्धा.

मंगळवारी हवा जरा निवळली, म्हणून उबीनला जायचं रद्द झालं नाही. बेटावर सायकल चालवायला स्मिता वर्षातून दोनदा दोघींना घेऊन जायची. जाण्याआधी एकदा तिथे नेईन, असं मेधानं चैत्रालीला कबूल केलं होतं. चांगीच्या धक्क्यावर बारा माणसं जमेपर्यंत नाववाला हलेना. चैत्राली हेडफोन लावून बसली होती. काय खाशील, पुण्याची शाळा पाहिलीस का, सामान बांधलंस का, या सगळ्यावर तिची एकेका शब्दाची उत्तरं येत होती. बेटावरही तसंच. ती पुढे सायकल मारत राहिली आणि मेधा मागून दमत राहिली. पत्र्याच्या छपरांची जुनी घरं, फणसाची झाडं, सगळं धुराच्या पडद्याआड पिवळट दिसत होतं. कोणाला दाखवावी अशी ती सहल नव्हती.

एका बंद घराच्या पायरीवर दोघी पाणी प्यायला बसल्या, तेव्हा पोरगी आपणहून बोलली. जमिनीकडे बघतच.

"मावशी, बाबांनी ती सुटकेस दिली ना तुला?"

"हो गं."

"मी पॅक केली होती ती. आई हॉस्पिटलला गेली त्या दिवशी. टेप लावून बंद केली. बाबांना पण उघडू दिली नाही." ती थांबली. मग बुटाच्या टोकानं माती उकरत म्हणाली, "वास जाऊ नये म्हणून. तिच्या उशीचा वास गेला, कारण आत्यानं कव्हर धुतलं. सुटकेसमध्ये आहे पण. गोधडी केली तरी राहील ना? तू धुणार नाहीस ना त्यांना?"

तीन महिन्यांत पहिल्यांदा ही मुलगी आईबद्दल बोलत होती, आणि मेधाच्या तोंडाकडे बघत होती. त्या क्षणी खरं सांगता आलं असतं. सांगायला हवंच होतं. पण मेधाच्या जिभेवर आधी दुसराच शब्द आला.

"नाही गं," ती म्हणाली. "धुईन कशाला?"

चैत्रालीनं मान हलवली आणि पाण्याची बाटली तिच्या हातात दिली. परतीच्या नावेत ती मेधाच्या खांद्याला टेकून बसली. मेधा अंग आवळून बसली होती, जरा हललं तरी हे पोर दूर होईल या धास्तीनं.

घरी आल्यावर ती चप्पल न काढता अमेयच्या खोलीत गेली. एकेक तुकडा नाकाला लावून पाहिला. सॉफ्टनर. शिवणीच्या दुमडीत पाहिलं, पदराच्या गोंड्यांत पाहिलं. सॉफ्टनर. सुटकेस पाहिली, तर ती स्वतःच शनिवारी निगुतीनं जंतुनाशकानं पुसून, पेपर घालून ठेवलेली. बुधवारचा वर्ग तिनं बुडवला आणि सबंध दिवस घर उलथंपालथं केलं. सोळा वर्षांत स्मिताचं काही ना काही इथे राहिलं असेलच: एखादी ओढणी, रुमाल, डब्याला गुंडाळलेलं फडकं. ते सगळं होतं. सगळं धुतलेलं, इस्त्री केलेलं, घडी घालून ठेवलेलं होतं. मेधाला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या टापटिपीची किळस आली.

रवींद्रला फोन करून विचारलं, तर तो म्हणाला, बाकीच्या सगळ्या साड्या आणि कपडे एका वृद्धाश्रमाला देऊन टाकले, घर रिकामंच आहे. मग काळजीनं विचारलं, कापड कमी पडतंय का? नाही, पुष्कळ आहे, असं ती म्हणाली.

गुरुवारी बाहेर दुपारी दिवे लावायची वेळ आली. औषधांच्या दुकानांतले मास्क संपले होते, रेडिओवर तासातासाला धुराचा आकडा सांगत होते, आणि तो प्रत्येक वेळी वर जात होता. मेधा बंद घरात बसून टाके घालत होती. वरचा थर मशीनवर जोडून झाला होता. आत जुन्या मऊ चादरीचा थर, खाली मोरपंखी साडीचं अस्तर, आणि आता सगळ्यांना धरून ठेवणारे धावदोऱ्याचे बारीक टाके. गोधडी सुंदर होत होती. तिनं आजवर शिवलेली सगळ्यांत सुंदर, यात शंकाच नव्हती. इरकलीचे काठ चारी बाजूंनी असे बसले होते, जणू ते विणतानाच कोणी तिथे ठरवून ठेवलेत. आणि मेधाला ती बघवत नव्हती. प्रत्येक टाक्यागणिक ती मनात वाक्य जुळवत होती. चैत्राली, माझ्याकडून एक चूक झाली. चैत्राली, मला ठाऊक नव्हतं. आणि मग खोटं का बोललीस, हा प्रश्न आला की दोरा तुटायचा.

शुक्रवारी, धूर सगळ्यांत दाट असताना, ती ओला रुमाल तोंडाला बांधून लिटिल इंडियात गेली. आपण दोऱ्यासाठी चाललोय, असं तिनं विश्वासला सांगितलं. तिथला सेरंगून रोड एरवी नाक बंद करून चाललं तरी वासानं अंगावर येतो. त्या दिवशी मोगऱ्याच्या गजऱ्यांपासून मिठाईपर्यंत सगळ्यावर राखेचा एकच वास होता. एका तमिळ काष्ठौषधीवाल्याकडे तिनं वाळा घेतला. दोन दुकानं पालथी घालून माक्याचं तेल मिळवलं, स्मिता वापरायची तेच, हिरव्या झाकणाचं. रुमाल खाली करून बाटली हुंगली, तेव्हा दुकानदार चमत्कारिक नजरेनं बघत राहिला. आपण काय करतोय हे तिला पक्कं ठाऊक होतं. दोरा घ्यायला ती विसरली.

शनिवारी तिनं वाळा पाण्यात उकळला. ते पाणी गार करून गोधडीच्या उलट्या बाजूवर हलकेच शिंपडलं. तेलाचे दोन थेंब तळहातावर चोळून, डाग पडणार नाही इतकाच हात काठावरून फिरवला. मग गोधडी स्वतः पांघरली आणि भर उकाड्यात, पंखा बंद करून, घाम येईपर्यंत बसून राहिली. तो तिसरा वास कुठल्या दुकानात मिळत नव्हता. तो माणसाच्या अंगाचाच हवा होता. त्या घामेजलेल्या तासात मेधा स्मितासाठी पहिल्यांदा रडली. काही केल्या थांबेना. शोकासारखंही नव्हतं ते, चोरी करताना सापडलेल्या माणसाचं असावं तसं होतं.

विश्वास चहा विचारायला आला आणि दारातच थबकला.

"काय गं," तो हळूच म्हणाला, "एकदम स्मितावहिनी येऊन गेल्यासारखं वाटलं."

तेव्हा तिनं त्याला सगळं सांगितलं. तो पलंगाच्या कडेवर बसला, या वेळी हात न फिरवता. मग म्हणाला, की देऊन टाक. यात कोणाचं काय नुकसान आहे? पोरीला बरं वाटेल. खरं सांगून तिला काय मिळणार? मेधाला हे पटलं नाही, पण पटवून घ्यायला ती इतकी आतुर होती, की तिनं वाद घातला नाही.

रविवारी आकाश बरंच निवळलं होतं. दुपारी बापलेक सामानासकट जेवायलाच आले. रवींद्र वरणभात खाताना वारंवार चष्मा पुसत होता. चैत्राली नेहमीसारखी गप्प, पण ताट बाजूला सरकवून तिनं मेधाकडे पाहिलं, आणि मेधा उठून गोधडी घेऊन आली.

मुलीनं ती उलगडली नाही. कशी झालीय, काठ कसे बसलेत, काही बघितलं नाही. घडीसकट छातीशी धरली, डोळे मिटले आणि नाक खुपसलं. मेधा श्वास रोखून उभी होती. ओळखेल, असं तिला वाटत होतं. ओळखावं, असंही कुठेतरी वाटत होतं. मग सगळं एकदाचं संपलं असतं.

"सेम आहे," चैत्राली गोधडीतूनच म्हणाली. "मावशी, सेम आहे."

आणि ती रडायला लागली. जमिनीवर बसून, गोधडीत तोंड घालून, लहान मूल रडतं तशी हमसून हमसून. रवींद्र तिच्याजवळ बसला आणि तिच्या पाठीवर हात ठेवून तोही रडू लागला. थोड्या वेळानं त्यानं मेधाकडे बघून हात जोडले. मेधानं मान फिरवली.

टॅक्सी आली. सगळे खाली ब्लॉकच्या दारापाशी उतरले. डिकीत बॅगा भरल्या जात असताना रवींद्रनं गोधडीही बॅगेत टाकू म्हटलं, पण चैत्राली ऐकेना. ती मेधाच्या जवळ आली. डोळे सुजले होते, पण चेहरा मार्चपासून प्रथमच तेरा वर्षांच्या मुलीचा दिसत होता.

"मी कधीच धुणार नाही," ती म्हणाली. "आजीला पण हात लावू देणार नाही. नीट ठेवली तर जाणार नाही ना वास?"

वाळ्याचं पाणी आठ दिवस टिकतं, फार तर दहा. माक्याचं तेल त्याहून थोडं जास्त, आणि मग ते खवट होतं. मेधाला हे कालच ठाऊक होतं; फक्त त्याचा अर्थ आत्ता, या क्षणी कळला. पुण्यात, जुलै उजाडताना कधीतरी, ही मुलगी गोधडीत नाक खुपसेल आणि तिथे काहीच नसेल. आणि तिला वाटेल, आपणच नीट ठेवली नाही. आपल्याच हातून आई गेली.

अजून सांगता येत होतं. टॅक्सीचं दार उघडं होतं. रवींद्र पुढे बसत होता. मेधानं मुलीचा हात धरला, तो उबदार आणि घामेजलेला होता, आणि ती मुलगी तिच्याकडे इतक्या विश्वासानं बघत होती.

"नाही जाणार," मेधा म्हणाली.

चैत्राली मागच्या सीटवर बसली, गोधडी मांडीवर. टॅक्सी निघताना विश्वासनं काच खाली कर म्हणून खूण केली, निरोपाचं काही बोलायचं होतं त्याला. पण तिनं मान हलवली. बाहेरची हवा लागून वास जाऊ नये म्हणून काच बंदच ठेवली, आणि आतून हात हलवत राहिली.